इंजिन बदललं, पण आरसीवर जुनाच नंबर

गोव्यात पेडण्याला मामाच्या अंगणात एका रविवारी मी जीपचं बॉनेट उघडून बसलो होतो. हातात रॉकेलचा बोळा, तारेचा ब्रश आणि टॉर्च. इंजिनाच्या ब्लॉकवर कोरलेला नंबर शोधायचा होता. पण वर ऑइलचा थर, त्यात रुतलेली खाणपट्ट्यातली तांबडी धूळ आणि खाली गंज. तासभर घासल्यावर धातू उघडा पडला, तरी आकडे वाचता येईनात. मग मामेबहिणीच्या दप्तरातला खडू आणला आणि त्या जागेवर आडवा घासला. खडूची पूड खाचांत बसली आणि नंबर पांढरा होऊन वर आला. आरसी बुक शेजारी धरलं. सुरुवातीची अक्षरं जुळत होती. पुढचा एकही आकडा जुळत नव्हता.

मामाने ही जीप सेकंडहँड घेतलेली. चवथीची माटोळी (गणपतीवर टांगायची फळं-फुलं), बागेतले नारळ, काजूच्या दिवसांत बोंडूंच्या पाट्या, सगळं वर्षानुवर्षं हिनेच घरी आणलं. संशय यायचं काही कारणच नव्हतं. नोंदणीच्या नूतनीकरणाला गाडी नेली, तेव्हा इन्स्पेक्टरने नंबर ताडून पाहिले आणि कागद परत हातात दिले. आधीच्या कुणा मालकाने इंजिन बदललं होतं आणि आरसीवर ते कधी आणलंच नव्हतं.

त्या एका प्रकरणापायी हा सगळा कायदा मला शिकावा लागला. गोव्यात जुन्या जीप, जिप्सी, कॉन्टेसा जीव लावून सांभाळणारे पुष्कळ आहेत. लोटस सेव्हनसारख्या किट कारचं, म्हणजे सुट्या भागांतून स्वतः जोडायच्या गाडीचं, वेड घेतलेली पोरंही हल्ली भेटतात. सगळ्यांचा प्रश्न एकच असतो: इंजिन गेलं, दुसरं टाकलं, आता कागदावर कसं आणायचं? मला वाईट याचं वाटतं की प्रश्न बरोबर असतो, पण वेळ चुकलेली असते. तो इंजिन टाकायच्या आधी विचारायला हवा.

मुळापासून सुरुवात करू. आपल्यासाठी गाडी म्हणजे तिचा रंग, तिचा आवाज, तिच्यातून केलेले प्रवास. नोंदणीच्या दफ्तरात मात्र गाडीची ओळख दोन नंबरांवर उभी असते, एक चेसिसचा, म्हणजे गाडीच्या सांगाड्याचा, आणि एक इंजिनाचा. प्लेटवरचा जीए-०३ किंवा जीए-०५ हा त्या जोडीला सरकारने दिलेला क्रमांक. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १२२ सांगतो की चेसिस नंबर, इंजिन नंबर आणि गाडी कोणत्या महिन्यात बनली ते निर्मात्याने गाडीवर ठसवलंच पाहिजे. आणि १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातलं कलम ५५, पोटकलम ५ पुढचं सांगतं: गाडीवर ठसवलेला इंजिन किंवा चेसिस नंबर आरसीवरच्या नंबरापेक्षा वेगळा आढळला, तर नोंदणी अधिकाऱ्याने मालकाला बाजू मांडायची संधी द्यायची आणि नोंदणी रद्द करायची. हे वाचल्यावर मामाला मी घरीच सांगितलं की आपण किरकोळ चुकीबद्दल बोलत नाही आहोत. गाडी धडधाकट असली, तरी कागदावर ती नाहीशी होऊ शकते.

इतका कडकपणा कशाला, असं कुणालाही वाटेल. चोरीच्या गाडीची प्लेट पाच मिनिटांत बदलता येते, रंग दोन दिवसांत. लोखंडात कोरलेले दोन नंबर तेवढे सहज बदलत नाहीत. अपघात झाला, गाडी कुणाची ते शोधायचं, तरी शेवटी त्याच नंबरांपाशी यावं लागतं.

आता ‘इंजिन बदललं’ म्हणजे नेमकं काय बदललं? नंबर असतो ब्लॉकवर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य ओतीव भागावर. त्यामुळे हेड बदललं, रीबोअर केलं, नव्या स्लीव्ह घातल्या, पिस्टन, क्रँक, पंप, नोझल असं सगळं नवं केलं, तरी ब्लॉक तोच असेल तर ती दुरुस्ती झाली. तिची आरसीवर नोंद लागत नाही; गॅरेजचं बिल जपून ठेवा, एवढंच. पण ‘हाफ इंजिन’ आणलं, म्हणजे ब्लॉक आणि आतलं सगळं तयार जोडलेलं, तर नंबर बदलला. पुष्कळ लोक इथेच फसतात. गॅरेजवाला म्हणतो हाफ इंजिन टाकलं, मालकाला वाटतं अर्धंच तर बदललं. नंबर मात्र पूर्ण बदललेला असतो. पावसात साचलेल्या पाण्यातून गाडी घातली, इंजिनाने पाणी ओढलं, कनेक्टिंग रॉड वाकून ब्लॉक फुटला, असं आपल्याकडे दर पावसाळ्यात कुणाचं ना कुणाचं होतं. मेकॅनिक, म्हणजे आमचे मेस्त, म्हणतात, ‘पात्रांव (साहेब), ब्लॉक गेला, हाफ आणूया.’ त्या क्षणी स्पॅनर खाली ठेवायला सांगा. आधी कागद.

किट कारवाल्यांचं प्रकरण आणखी एक पायरी मागून सुरू होतं.

किट कारची कल्पना ब्रिटनमध्ये रुजली. कॉलिन चॅपमनने १९५७ मध्ये लोटस सेव्हन आणली. तयार गाडीवर तिथे खरेदी कर लागायचा, सुट्या भागांच्या किटवर लागत नव्हता, म्हणून लोक पेट्या घरी आणून गाडी स्वतः जोडायचे. १९७३ मध्ये तिथे मूल्यवर्धित कर आला आणि ती सवलत संपली. त्याच वर्षी सेव्हनचे हक्क कॅटरहॅमकडे गेले. पण घरी गाडी जोडायची परंपरा टिकली, कारण त्या देशात एकटी गाडी तपासून तिला मंजुरी द्यायची व्यवस्था आहे. तुम्ही जोडलेली ती एक गाडी घेऊन जायची, ती तपासली जाते, पास झाली की नोंदणी.

आपल्याकडे मंजुरी अशी एकेका गाडीला मिळत नाही, नमुन्याला मिळते. नियम १२६ प्रमाणे निर्मात्याने नव्या मॉडेलचा पहिला नमुना पुण्याची एआरएआय, मानेसरची आयकॅट अशा संस्थेकडे द्यायचा. ब्रेक, दिवे, धूर, सगळं तपासून संस्था प्रमाणपत्र देते आणि मग त्या नमुन्याबरहुकूम बनलेल्या गाड्या नोंदवल्या जातात. हा रस्ता कारखान्यासाठी आखलेला आहे. अंगणात वेल्डिंग करून गाडी उभी करणाऱ्याला त्यावर पाय ठेवायला जागा नाही. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या एका कारागिराने भंगारातून छोटी जीप बनवली, ती २०२१ च्या अखेरीस देशभर गाजली. आनंद महिंद्रांनी तिचं मनापासून कौतुक केलं, पण त्याच वेळी लिहिलं की ही गाडी नियमांत बसत नसल्यामुळे आज ना उद्या अडवली जाईल, आणि तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली. त्या माणसाच्या हातात केवढी कला होती! तरीही रस्त्यावर चालवायचा कागद तिला मिळणं शक्य नव्हतं. मला ती बातमी वाचून आनंद आणि हळहळ दोन्ही झालं. आपल्याकडेही एकट्या गाडीच्या तपासणीची सोय व्हावी, असं मला अगदी मनापासून वाटतं. पण आज जो कायदा आहे तो हा आहे.

म्हणून आपल्या रस्त्यावर किट कार म्हणून जे काही दिसतं, त्याचे दोन प्रकार समजा. पहिला, निर्मात्याने स्वतःच्या नावाने बनवून कागदपत्रांसह विकलेली. अलिबागच्या चिंकारा मोटर्सची रोडस्टर हे त्याचं जवळचं उदाहरण: सेव्हनची धाटणी, फायबरची बॉडी आणि अ‍ॅम्बॅसडरमध्ये येणारं इसुझूचं १.८ लिटर पेट्रोल इंजिन. अशा गाडीच्या आरसीवर निर्माता, मॉडेल, सीसी सगळं खरं लिहिलेलं असतं. इंजिन बदलायची वेळ आली, तर तेच इसुझू इंजिन शोधायचं. अ‍ॅम्बॅसडरचं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं, त्यामुळे नवं मिळायची आशा नको. जुन्या अ‍ॅम्बॅसडरमधलंच मिळेल. पण कागदाच्या दृष्टीने हा सरळ मामला आहे.

दुसरा प्रकार म्हणजे जुन्या जीपची किंवा कारची चेसिस घेऊन वर वेगळी बॉडी चढवलेली, आणि आरसी त्या जुन्या गाडीचीच. इथे इंजिनाची नोंद मागायला गेलात, की इन्स्पेक्टर आरसी हातात घेऊन गाडीसमोर उभा राहतो. आरसीवर जीप लिहिलंय आणि समोर बुटकी दोन सीटची रोडस्टर उभी आहे. मग इंजिनाचा विषय मागे पडतो. तुमच्याकडे अशी गाडी असेल किंवा घ्यायचा विचार असेल, तर इंजिनाआधी बॉडीचा प्रश्न आहे, आणि तो मोठा आहे. विकणारा ‘पेपर क्लिअर आहेत’ म्हणतो, तेव्हा ते पेपर कोणत्या गाडीचे, हे विचारा.

आता मुख्य कलम, ५२. १९८८ मध्ये कायदा झाला तेव्हा ते बरंच सैल होतं: गाडीत बदल करायचा असेल तर नोंदणी अधिकाऱ्याला आधी कळवा, मंजुरी घ्या, करा. २००० च्या दुरुस्तीने ते आवळलं. तेव्हापासून शब्द असे आहेत की आरसीवरचा तपशील निर्मात्याने मुळात ठरवलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल, असा बदल मालकाने करायचाच नाही. मधल्या काळात वेगवेगळ्या ठिकाणी वेगळे अर्थ लावले जात होते. ९ जानेवारी २०१९ ला केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाचे न्या. अरुण मिश्रा आणि न्या. विनीत सरन यांनी स्पष्ट केलं की निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाही, आणि नियमांचा आधार घेऊन कायद्याला वळसा घालता येणार नाही. त्याच वर्षी कायद्यात कलम १८२अ आलं. त्याच्या चौथ्या पोटकलमात परवानगीबाहेरच्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. ‘प्रत्येक बदलामागे’ हे शब्द नीट वाचा. इंजिन, चाकं, बॉडी असे तीन बदल असतील तर तीन वेळा.

इथे चौदा दिवसांची गफलत होते, ती सांगतो. कलम ५२ मध्येच म्हटलंय की बदल केल्यापासून चौदा दिवसांच्या आत तो नोंदणी अधिकाऱ्याला कळवायचा आणि आरसी नोंदीसाठी द्यायची. गॅरेजात ही ओळ ऐकीव स्वरूपात फिरते: ‘टाका हो इंजिन, चौदा दिवस असतात हातात.’ ते चौदा दिवस झालेला बदल कळवायचे आहेत. परवानगीला ते लागू नाहीत. परवानगी आधी घ्यायची, मग इंजिन बसवायचं, मग चौदा दिवसांत कळवून नोंद करून घ्यायची. क्रम उलटा केला आणि अधिकाऱ्याने नकार दिला, तर नवं इंजिन बसवलेली गाडी अंगणात उभी राहते आणि जुनं इंजिन एव्हाना भंगारात गेलेलं असतं.

मग कोणतं इंजिन चालतं? त्याच निर्मात्याचं, त्याच प्रकारचं, त्याच इंधनाचं, तेवढ्याच सीसीचं. फक्त नंबर वेगळा. एवढी चौकट धरून चाललात, तर बदल हा निर्मात्याच्या मूळ तपशिलात बसतो आणि आरसीवर एका नंबराच्या जागी दुसरा नंबर येतो. चौकट सोडली की भांडण कायद्याशी.

जीपवाल्यांना हे उदाहरणाने पटेल. महिंद्राच्या एमएम ५४० जीपमध्ये प्यूजोचं एक्सडीपी इंजिन येत होतं, २११२ सीसी. ते गेलं म्हणून दुसरं एक्सडीपी बसवलंत, तर मार्ग मोकळा. त्याच्या जागी २५२३ सीसीचं एमडीआय टाकलंत, तर दोन्ही महिंद्राच्या घरची, दोन्ही डिझेल, मेस्तांना बसवायला फारसा त्रासही नाही, पण प्रकार वेगळा आणि सीसी वेगळं. आणि जुन्या पेट्रोल जीपमध्ये डिझेल इंजिन? आपल्याकडे ही खोड फार जुनी आहे, कारण पेट्रोलचा खर्च झेपत नव्हता. तेव्हा ज्यांनी रीतसर नोंद करून घेतली, त्यांच्या आरसीवर डिझेल लिहिलेलं आहे आणि त्यांना काळजी नाही. आज नव्याने करायचा विचार असेल तर तो सोडून द्या. इंधन बदलायला कायद्याने वाट ठेवली आहे ती मंजूर किटची: सीएनजी, एलपीजी, किंवा बॅटरी. इलेक्ट्रिक किटसाठी एआयएस-१२३ हे मानक आहे. किटला तपासणी संस्थेची मंजुरी लागते आणि ते बसवणाराही अधिकृत लागतो. बाजारातून मोटर आणि बॅटरी आणून स्वतः जोडली, तर ती त्या वाटेत बसत नाही.

सीसीवर इतका भर का, तर त्याच्यावर पैशांची गणितं आहेत. खाजगी कारच्या थर्ड पार्टी विम्याचे हप्ते १००० सीसीपर्यंत, १००० ते १५०० आणि १५०० च्या वर, अशा तीन टप्प्यांत ठरतात. बाराशेच्या जागी अठराशेचं इंजिन घालून जुनाच हप्ता भरत राहिलात, तर विमा कंपनीला तुम्ही चुकीची माहिती देत आहात.

आता प्रत्यक्ष काम. गोव्यात वाहतूक खात्याचं मुख्य कार्यालय पणजीला, आणि तालुक्यांच्या कार्यालयांत सहाय्यक संचालक नोंदणीचं काम पाहतात. आपण सगळ्यांनाच आरटीओ म्हणतो. बदल कळवायचा तो तुम्ही जिथे राहता त्या भागाच्या कार्यालयात. गाडी मडगावची आणि राहणं म्हापशाला, तर म्हापसा. मूळ कार्यालयाला कळवण्याची जबाबदारी मग त्यांची.

जाण्याआधी घरी एक काम करा, आणि हे काम मी सगळ्यात महत्त्वाचं मानतो. आरसी, विम्याची पॉलिसी, सरकारच्या ‘वाहन’ या ऑनलाइन प्रणालीवर दिसणारा तपशील आणि प्रत्यक्ष ब्लॉक, चारही ठिकाणचे नंबर एका कागदावर एकाखाली एक लिहा. गोव्याच्या जुन्या ‘जीडी’ क्रमांकांच्या पुस्तकांवरून संगणकात नोंदी चढवताना शून्याचा ओ झालेला असतो, एकाचा आय झालेला असतो, आठाचा बी. अशी चूक सापडली तर ती आधी दुरुस्त करून घ्या. एकाच वेळी दोन विसंगती समोर ठेवल्या, की साधी लिहिण्यातली चूकसुद्धा संशयास्पद दिसायला लागते. जुनी आरसी वाहन प्रणालीवर चढलेलीच नसेल, तर आधी बॅकलॉग नोंद, म्हणजे जुन्या कागदावरून मागाहून चढवायची नोंद, करावी लागते.

मग लेखी अर्ज. त्यात साध्या शब्दांत लिहा: जुन्या इंजिनाचा नंबर, ते का निकामी झालं, कोणतं इंजिन घालायचं आहे, त्याचा मेक, प्रकार, सीसी, इंधन आणि नंबर. सोबत आरसी, चालू विमा, पीयूसी, ओळख आणि पत्त्याचा पुरावा, कर भरल्याची पावती, नव्या इंजिनाचं बिल. बिलावर इंजिन नंबर छापलेला हवा. ‘एक डिझेल इंजिन’ एवढंच लिहिलेलं बिल पुढे करू नका. गॅरेजचं पत्र जोडा, त्यांच्या लेटरहेडवर, जुनं इंजिन दुरुस्तीपलीकडे गेल्याचं. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची लेखी संमती आधी. कार्यालय आणखी काही मागेल, ते द्या.

मंजुरी मिळाली, इंजिन बसलं, की गाडी तपासणीला न्यायची. इन्स्पेक्टर नंबर स्वतः पाहतात आणि ठसा घेतला जातो. ठशाची पद्धत छान आहे: नंबरच्या खाचांवर पातळ कागद घट्ट धरायचा आणि वरून पेन्सिल आडवी फिरवायची, नाणं छापायचो तसं शाळेत. एखादा आकडा पुसट आला तर परत. म्हणून आदल्या दिवशीच जागा साफ करून जा. मात्र तारेच्या ब्रशनेच. ग्राइंडर किंवा सॅंडपेपर कदापि लावू नका. आकड्यांभोवती घासल्याच्या चकचकीत खुणा दिसल्या, की नंबर खोडून नवा मारलाय का, ही शंका येणारच, आणि ती येणं योग्यच आहे.

याच ओघात एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. बाजारात नवा कोरा ब्लॉक कधी कधी नंबराशिवाय मिळतो. तेव्हा कुणीतरी सल्ला देतो की जुनाच नंबर पंच मारून घ्या, म्हणजे आरसीला हातच लावायला नको. असं करू नका. तुमचा हेतू स्वच्छ असला, तरी स्वतः कोरलेला नंबर आणि चोराने कोरलेला नंबर यांत फरक दाखवायला तुमच्याकडे काही उरत नाही. नंबर नसलेला ब्लॉक असेल, तर बिल घेऊन आधी कार्यालयात जा; नंबर मारायचा तर त्यांच्या लेखी आदेशानेच.

सेकंडहँड इंजिनाला जास्त जपायला हवं, आणि जुन्या गाड्यांना बहुतेक वेळा तेच मिळतं. कुर्ल्याचा भंगार बाजार असो, दिल्लीचं मायापुरी असो की ओळखीच्या माणसाचं अंगण, इंजिन कुठल्याशा गाडीतून निघालेलं असतं आणि ती गाडी अजूनही सरकारदरबारी त्या इंजिन नंबरासह जिवंत असू शकते. म्हणजे एकच इंजिन दोन आरसींवर. हे टाळायचं तर त्या मूळ गाडीची कुंडली मागा: तिच्या आरसीची प्रत, मालकाचं सही केलेलं पत्र, आणि गाडी भंगारात गेली असेल तर नोंदणी रद्द झाल्याचा कागद. गाडी कायमची निकामी झाली की मालकाने ते चौदा दिवसांत किंवा होईल तितक्या लवकर कळवून आरसी जमा करायची, असं कलम ५५ सांगतं. लोक हे करत नाहीत आणि पुढच्या माणसाचं काम अडतं. जोडीला, राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या ‘वाहन समन्वय’ सेवेत इंजिन नंबर टाकून तो चोरीच्या नोंदीत आहे का ते पाहता येतं आणि तसा कागद काढता येतो. पैसे देण्याआधी पाच मिनिटं काढून तेवढं पाहाच. विकणारा आरसीची प्रत द्यायला टाळाटाळ करत असेल, तर इंजिन कितीही चांगलं वाजू दे, परत फिरा.

नोंद होऊन नवी आरसी हातात आली, की विमा कंपनीला लेखी कळवून पॉलिसीवर नवा इंजिन नंबर चढवून घ्या. हे लोक विसरतात. अपघातानंतर सर्व्हेअर ब्लॉकवरचा नंबर पॉलिसीशी ताडतो, आणि तेव्हा सुरू झालेलं पत्रव्यवहाराचं लचांड महिनोन् महिने चालतं. पीयूसीही नव्या इंजिनावर नव्याने काढा.

ज्यांची गाडी पन्नास वर्षांहून जुनी आहे, त्यांनी इंजिन बदलायच्या आधी आणखी थोडं थांबावं. २०२१ मध्ये केंद्राने विंटेज गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली, क्रमांकात ‘व्हीए’ अक्षरं असलेली. त्यासाठी गाडी मूळ रूपात असावी लागते. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात फेरफार झालेला नको. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, आणि गाडी रोजच्या वापराला नाही, प्रदर्शन, रॅली वगैरेंपुरतीच. आजोबांच्या काळातली गाडी असेल आणि मूळ इंजिन अजून वाचण्यासारखं असेल, तर ते उघडून दुरुस्त करण्यावर खर्च करा, असंच मी सांगेन. जुना ब्लॉक वेल्ड करणारे, स्लीव्ह घालणारे हात अजून आहेत.

मामाच्या जीपचं काय झालं ते सांगायचं राहिलं. इंजिन त्याच मेकचं, त्याच प्रकारचं, तेवढ्याच सीसीचं होतं, ही एक जमेची बाजू. पण बदल कुणी, कधी केला याचा एकही कागद नव्हता. मामाचा पहिला पवित्रा असा: ‘गाडी माझी, मी चोरी केली नाही, मग मी का धावू?’ त्याचं चुकत नव्हतं, पण नंबर बोलत होता. आम्ही आधीच्या मालकाचं घर शोधत साखळी या गावी गेलो. ते वारले होते. त्यांच्या मुलाने माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढली आणि तिच्यात वाळवीने कडा खाल्लेली एक फाईल निघाली. गाडी त्या काळी खाणीच्या कामावर होती. तिथेच इंजिन गेलं आणि डीलरकडून दुसरं आणून घातलं. बिल होतं. बिलावर नंबर होता, आणि तो मी खडूने वर काढलेल्या नंबराशी आकडान् आकडा जुळत होता. त्या मुलाने बिल तर दिलंच, शिवाय वडिलांच्या वतीने सही करून पत्रही दिलं.

ते बिल, पत्र, मामाचं प्रतिज्ञापत्र आणि चोरीच्या नोंदीत इंजिन नसल्याचा कागद, असं सगळं लावून आम्ही स्वतःहून अर्ज केला. आधीच्या मालकाने काय केलं हे लपवलं नाही, जसं कळलं तसं लिहिलं. दोनदा सुनावणीला जावं लागलं, एकदा परत तपासणी झाली. नोंद व्हायला आठ महिने लागले, त्या काळात जीप हलवली नाही. त्या वर्षीची माटोळी शेजाऱ्यांच्या टेम्पोतून आली.

तुमच्या गाडीतही आधीच कुणी बदल केलेला असेल, तर नूतनीकरणाची वाट पाहू नका. खाजगी गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे दर पाच वर्षांनी तपासणी. त्यात कधीतरी ते उघडं पडणारच. तपासणीत सापडण्यापेक्षा आपण कागद घेऊन गेलेलं कितीतरी बरं. आणि जुना मालक हयात आहे तोवर त्याच्याकडे जा, ट्रंका कायम राहत नाहीत.

मामा आता दर वर्षी मे महिन्याच्या शेवटी, पाऊस लागायच्या आधी, बॉनेट उघडतो, ब्लॉकवरची ती चार बोटांची जागा फडक्याने पुसतो, नंबर एकदा वाचतो आणि खाऱ्या हवेने गंजू नये म्हणून वरून ग्रीसचं बोट फिरवतो.